दोन ‘मेडिकलां’मधली वाट



व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण आले तेव्हा आम्ही प्रथम नाहीच म्हटले. ज्या व्यासपीठावरून इतिहास, संतवाङ्मय आणि अर्थशास्त्र यांवर अधिकारी मंडळी बोलून गेली, तेथे औषधाच्या दुकानात चाळीस वर्षे काउंटरमागे उभ्या राहिलेल्या गृहस्थाने येऊन काय सांगावे? चालक म्हणाले, ‘गिऱ्हाइकांना रोज सांगता तेच सांगा.’ अडचण नेमकी तेथेच होती. रोज जे सांगावयास हवे होते ते आम्ही पुष्कळदा सांगितलेच नाही. तेव्हा आज त्या न सांगितलेल्या गोष्टीविषयीच बोलावे असे ठरवून आम्ही होकार दिला.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ‘मेडिकल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत हे आपण जाणताच. ‘बाबाला मेडिकलात नेलं’ म्हटले की नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय समजावे, आणि ‘मेडिकलातून गोळ्या आण’ म्हटले की कोपऱ्यावरचे औषधाचे दुकान. १९४७ साली नागपूरचे महाविद्यालय निघाले तेव्हापासून हा शब्द आपल्या बोलीत रुळला. चंद्रपुरास २०१५ साली स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. तथापि दुखणे अवघड झाले की गाडी अजून नागपूरचीच वाट धरते. रोगी एका मेडिकलातून सुटतो आणि दुसऱ्या मेडिकलात येऊन उभा राहतो. चंद्रपूरकराला ही वाट सुमारे दीडशे किलोमीटरांची. भामरागडच्या माणसाला तीनशेवर. या वाटेवर रोग्याच्या पिशवीतली औषधे बदललेली असतात, पण ती का बदलली, कोणती बदलली आणि मुख्य म्हणजे कोणती थांबली, हे सांगणारे माणूस पुष्कळदा वाटेवर कुठेच भेटत नाही.

सुटीचा दिवस कसा असतो तो आठवून पाहा. सकाळी डॉक्टर फेरीला येऊन ‘आज सोडू’ म्हणतात. मग नातेवाइकांची धावपळ सुरू होते. योजनेच्या कागदावर सही व्हायची असते, शिक्का राहिलेला असतो, एक्स-रे परत घ्यायचा असतो आणि दुपारची गाडी चुकता कामा नये. त्या गर्दीत कोणीतरी तरुण डॉक्टर सुटीचा कागद हाती देतो आणि दोन मिनिटे बोलतो. तो बिचारा रात्रभर जागलेला असतो. ऐकणारा असतो मुलगा किंवा जावई. रोगी कॉटवर बसून धोतर नीट करीत असतो, आणि जी घरी गोळ्या देणार आहे ती बायको खाली फाटकापाशी गाठोडी सांभाळत असते. कागदावर रोगाचे नाव, तपासण्यांचे आकडे आणि नवी औषधे, हे सारे इंग्रजीत. ‘ओडी’, ‘बीडी’, ‘एचएस’, ‘एसओएस’ ही अक्षरे वाचून कोणा शेतकऱ्याने त्यांचा अर्थ काय लावावा?

आता आमची स्वतःची कथा सांगतो. ती सांगण्यासाठीच आज येथे उभे आहोत, मग ती टाळून कसे चालेल? गोष्ट २०११ सालच्या पावसाळ्यातली. वैनगंगेपलीकडच्या एका खेड्यातले साठीचे शेतकरी आमचे जुने गिऱ्हाईक होते. मधुमेहासाठी ग्लिबेनक्लामाइडची गोळी ते वर्षानुवर्षे आमच्याकडूनच नेत. पायांवर सूज आली म्हणून त्यांना नागपुरास एका मोठ्या रुग्णालयात नेले. तेथे मूत्रपिंडे थकली आहेत असे निघाले, जुनी गोळी थांबवून इन्सुलिन सुरू केले, आणि बारा दिवसांनी सुटी झाली. निर्णय अगदी बरोबर होता. ही गोळी शरीरातून बाहेर पडण्याचा एक मोठा मार्ग मूत्रपिंडांतून जातो. ती थकली की गोळीचा अंमल रेंगाळतो आणि साखर नको तितकी उतरते. परंतु सुटीच्या कागदावर चार नवी औषधे होती. जुन्या गोळीचे नाव कोठेच नव्हते. मुलाला तोंडी सांगितले असेलही; पण मुलगा कामावर परत गेला होता.

आठव्या दिवशी त्यांच्या कारभारीण दुकानात आल्या. एका हातात नवा कागद, दुसऱ्या हातात जुन्या गोळ्यांची रिकामी पट्टी. म्हणाल्या, ‘भाऊ, ह्या सरल्या जी, ह्या पण द्या.’ दुकानात गर्दी होती, बाहेर पाऊस होता. आम्ही कागदावरचे दिले, पट्टी पाहून तेही दिले, पैसे घेतले आणि ‘काका बरे आहेत ना?’ म्हणून विचारलेही. ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही असा कायदा आहे. रिकाम्या पट्टीवर ती देणे हा आमचा पहिला दोष. इन्सुलिन आणि ती गोळी एकाच पिशवीत जात असताना ‘ही चालू आहे की बंद केली?’ एवढे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत, हा दुसरा आणि मोठा.

तिसऱ्या पहाटे ते उठेनात. अंग घामाने भिजलेले, हाका मारल्या तर ओ नाही. जीपमध्ये घालून ग्रामीण रुग्णालयात नेले, शिरेतून ग्लुकोज दिले तेव्हा डोळे उघडले, आणि दोन तासांनी पुन्हा मिटले. रेंगाळणाऱ्या गोळीचा हाच धोका असतो. साखर एकदा वर चढवून भागत नाही. पुढे चंद्रपुरास हलवावे लागले. जीव वाचला. पण बाजाराचा सगळा हिशेब तोंडी करणारा तो माणूस त्यानंतर आपल्या बैलांची नावेही चुकू लागला. कारभारीण आम्हांला कधी एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त त्यानंतर त्या आमच्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. औषधे समोरच्या दुकानातून नेत.

तेव्हापासून आम्ही या गोष्टीकडे लक्ष देऊ लागलो, आणि पाहतो तो हा प्रकार एकट्याचा नव्हे. सुटीच्या कागदावर ‘घ्या’ असते. ‘घेऊ नका’ क्वचितच असते. घरी फळीवर जुना डबा तसाच असतो. आपल्याकडे औषध टाकून देणे जिवावर येते, आणि पैसे मोजलेले असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. मग जुने आणि नवे दोन्ही सुरू राहते. पुष्कळदा दोन्ही एकच औषध असते. नावे तेवढी दोन कंपन्यांची. रक्तदाबाची एकच गोळी दोन नावांनी दुप्पट घेऊन चक्कर येऊन पडलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. खेड्यातला माणूस गोळी नावाने ओळखत नाही, रंगाने ओळखतो: ‘लाल वाली सकाळी, पांढरी रात्री.’ सरकारी पुरवठ्याची कंपनी बदलली की लाल गोळी गुलाबी होते, आणि आजी लालही घेते, गुलाबीही घेते. त्यात आम्ही दुकानदार कात्रीने पट्टी कापून पाच-पाच गोळ्या देतो. कापलेल्या तुकड्यावर नाव राहिले तर मुदत जाते, मुदत राहिली तर नाव जाते!

काही औषधांत तर चूक पोटात घालता येत नाही. सांध्यांच्या आमवातासाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एकच दिवस घ्यायची असते. सोबत फॉलिक ॲसिडची गोळी दिलेली असते. दोन्ही पुष्कळदा छोट्या आणि पिवळ्याच. आपल्या लोकांना गोळी म्हटली की ती रोजची, हे इतके अंगवळणी पडलेले आहे की ‘सोमवारीच’ असे कोणी ठासून सांगितले नाही तर ती रोज घेतली जाते. मग तोंड सोलून निघते, रक्तातल्या पेशी घटतात, आणि माणूस दगावूही शकतो. जगभर या एका गोळीने असे बळी घेतले आहेत.

इन्सुलिनचे दुसरे उदाहरण. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या बाटलीत एका मिलिलीटरला ४० एकके असतात आणि तिच्यासाठी लाल टोपीची सिरिंज असते. दुसऱ्या प्रकारात मिलिलीटरला १०० एकके. तिची सिरिंज नारिंगी टोपीची. रुग्णालयात एक प्रकार चालू केला आणि घरी सिरिंज दुसरी असली तर? १०० च्या औषधासाठी ४० ची सिरिंज वापरून रोग्याने २० च्या रेघेपर्यंत भरले, तर त्याच्या अंगात २० नव्हे, ५० एकके जातात. डॉक्टरांनी २० लिहिले, रोग्यानेही २० भरले. दोघेही खरे, आणि तरी अनर्थ. हे दोन्ही एकत्र पाहणारा माणूस एकच: ज्याच्या काउंटरवरून बाटली आणि सिरिंज जाते तो.

आणि सिकलसेल. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत हा आजार घराघरांत ठाऊक आहे. भारतात त्याची नोंद प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत झाली. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ साली सुरू झाले. या रोगात वेदनेचा झटका येऊन मूल रुग्णालयात दाखल होते, आणि जाताना त्याला हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल मिळते. घरच्यांची समजूत अशी की ही दुखण्याची गोळी. दुखणे थांबले, कॅप्सूल थांबली. वास्तविक ती दुखू नये म्हणून, दुखो न दुखो रोज घ्यायची असते. ठराविक दिवसांनी रक्त तपासून मात्रा कमीजास्त करावी लागते. गरोदरपणाचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे लागते. एवढे सारे त्या कागदावर एका ओळीत मावत नाही. हिवतापाचेही तसेच. व्हायवॅक्स जातीच्या हिवतापात प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावे लागते आणि ताप तर दोन-तीन दिवसांत उतरतो. उरलेल्या गोळ्या डब्यात राहतात, यकृतात दडलेला रोग अंगात राहतो, आणि काही आठवड्यांनी पुन्हा थंडी वाजते.

आमच्या लहानपणी दवाखान्यात कंपाउंडर असे. लाल किंवा पांढरे मिक्स्चर बाटलीत भरून तो कागदाची एक पट्टी घडी घालून कातरीत असे; उलगडली की तिला दोन्ही बाजूंनी खाचा. ती खळीने बाटलीला चिकटवायची. एक खाच म्हणजे एक वेळचे औषध. अक्षरशत्रू माणसालाही त्या पट्टीकडे पाहून किती घेतले आणि किती उरले हे कळे. त्या मिक्स्चरात गुण किती होता हा प्रश्न वेगळा, आणि आम्ही त्या काळाचे गोडवे गाण्यास आलेलो नाही. पण ती पट्टी औषधाबरोबर घरी जात होती. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला ज्यांच्यासाठी आनंदवन उभारले, त्या कुष्ठरोग्यांच्या उपचारातही पुढे हीच युक्ती आली. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगावर बहुविध औषधोपचार ठरवला. त्याची औषधे चार आठवड्यांच्या पाकिटात दिवसवार बसवलेली मिळू लागली. महिन्याचा पहिला डोस समोर घ्यायचा, बाकीचे घरी. पाकीटच बोलते! कंपाउंडरची खाचांची पट्टी नव्या रूपात परत आली असेच आम्हांला ते पाहून वाटले.

कमी शिकलेल्या माणसाला औषधाचे नियम कळत नाहीत असे जे आपण शहरातले लोक सहज बोलतो, ते गडचिरोलीनेच खोटे ठरवले आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांतल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळाला मोजून औषध देणे, इंजेक्शन देणे, हे त्यांनी घरोघरी जाऊन केले. त्या गावांतले नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या पत्राने ते जगापुढे मांडले. समजावून सांगितले आणि पुन्हा म्हणवून घेतले तर माणूस चुकत नाही.

मात्र समजावायचे कोणत्या भाषेत? १९८२ च्या ऑगस्टमध्ये आपल्या चांद्याच्या जुन्या जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. त्या एका जिल्ह्यात भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, सिरोंच्याला तेलुगू, कोरचीला छत्तीसगढी आणि मुलचेरा-चामोर्शीच्या वसाहतींत बंगाली बोलतात. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा डॉ. प्रकाश आमट्यांना दवाखाना चालविण्यासाठी आधी माडिया शिकावी लागली. नागपूरच्या वॉर्डातल्या डॉक्टराकडून ती अपेक्षा करता येणार नाही. आणि ‘नाश्त्यानंतर’ हे शब्द मराठीत सांगितले तरी कळतात असे नाही. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम असतो. घरची सगळी माणसे उजाडण्यापूर्वी रानात जातात, पेज पितात ती उन्हे चढल्यावर. पहाटे इन्सुलिन टोचून उपाशीपोटी पाने तोडणाऱ्याला ‘नाश्ता’ म्हणजे काय? त्याला विचारावे लागते: ‘दादा, तू पहिल्यांदा कधी जेवतोस?’ मग त्याप्रमाणे डॉक्टरांशी बोलून वेळ ठरवावी लागते. शिवाय ती बाटली ठेवायची कोठे? पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, जेथे शीतकपाट नाही तेथे पाण्याचा स्पर्श होणार नाही अशा बेताने मातीच्या भांड्याच्या गारव्यात ती ठेवायला शिकवावे लागते.

खासगी दुकान जेथे नाही तेथे प्राथमिक आरोग्य केंद्रातला औषध निर्माण अधिकारी हाच आमचा धर्मबंधू. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर पुलावरून गेला की भामरागडचा संबंध तुटतो; त्या दिवसांत रोग्याला नागपूरचा तर सोडाच, गडचिरोलीचाही डॉक्टर भेटत नाही. सुटीची बातमी त्या औषध निर्माण अधिकाऱ्याला, त्याच्याकडून गावच्या आशाताईला गेली तरच उपयोग. पण ती जाते कोठे? रुग्णालय कागद रोग्याच्या हाती देते आणि मोकळे होते. क्षयरोगाच्या बाबतीत शासनाने रोगी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेला तरी त्याचा माग ठेवण्याची व्यवस्था केली आहे. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, फिटांच्या रोग्याने कोणाचे काय बिघडवले आहे?

ही काही आकाशातली कल्पना नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची मोहीम जाहीर केली. त्यात एका ठिकाणच्या उपचाराहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याची वेळ ही धोक्याच्या तीन मुख्य जागांपैकी एक धरली आहे. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२१ पासून रुग्णालय सुटीच्या वेळी रोग्याच्या नेहमीच्या औषधदुकानाला बदललेल्या औषधांची माहिती कळवते. दुकानातला फार्मासिस्ट जुनी यादी आणि नवी यादी ताडून पाहतो, पहिली नवी चिठ्ठी आली की पुन्हा तपासतो आणि रोग्याशी बोलतो. आपल्याकडे १९४८ चा फार्मसी कायदा आहे, आणि २०१५ च्या विनियमांत रोग्याला औषधाविषयी समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून लिहिलेले आहे. लिहिलेले आहे, एवढेच तूर्त म्हणतो. भिंतीवर परवाना एकाचा आणि काउंटरवर माणूस दुसराच, अशी दुकाने आपल्याला माहीत नाहीत असे नाही. आमच्याच व्यवसायाची ही लाज आहे आणि ती आम्हीच बोलून दाखवलेली बरी.

आमचे दुकानदार मित्र म्हणतात, ‘एका रोग्यामागे दहा मिनिटे घालवली तर दुकान चालेल कसे? या बोलण्याचे पैसे कोण देणार?’ प्रश्न खोटा नाही. इंग्लंडात त्या कामाचे पैसे सरकार देते; येथे गोळी विकली तरच आमचे पोट भरते आणि ‘ही गोळी आता घेऊ नका’ असे सांगणाऱ्याचा गल्ला तेवढाच कमी भरतो. तथापि रोज सुटी होऊन येणारे रोगी असतात किती? आमच्या दुकानात दोन, कधी तीन. सगळ्यांना दहा मिनिटे देण्याची गरज नसते. त्या दोघा-तिघांना असते.

आम्ही करतो काय, तर सुटीचा कागद दिसला की पहिला प्रश्न: ‘घरचा जुना डबा कुठे आहे?’ तो आणावयास सांगतो. जुने-नवे काउंटरवर मांडतो. चालू असलेल्या पट्ट्यांवर मराठीत वेळ लिहितो, वाचता न येणाऱ्यासाठी सूर्य नाही तर चंद्र काढतो. थांबवलेल्या वेगळ्या बांधून त्यावर ‘बंद’ लिहितो. मग घरी औषध देणाऱ्या बाईला म्हणतो, ‘माय, आता तुम्ही मला सांगा.’ ती सांगते, आणि पाचातल्या एका वेळी तरी काहीतरी निराळेच सांगते!

शंका आली तर डॉक्टरांना विचारतो. स्वतःच्या मनाने काही थांबवत नाही, आणि हे आम्ही ठासून सांगतो. एकदा रक्त पातळ करणारी दोन औषधे एका कागदावर पाहून आमची खात्रीच झाली की ही चूक आहे. दूरध्वनी केला. पलीकडची डॉक्टरमुलगी शांतपणे म्हणाली, ‘काका, हृदयात स्टेंट घातला आहे, काही महिने दोन्ही हवीतच.’ आम्ही एक थांबवले असते तर त्या माणसाचे काय झाले असते? पण तो दूरध्वनी लागायला पाऊण तास गेला, कारण कागदावर रुग्णालयाचा क्रमांक होता, वॉर्डाचा नव्हता. सुटीच्या कागदावर ‘बंद केलेली औषधे’ अशी एक ओळ आणि वॉर्डाचा एक क्रमांक छापावा, या दोन मागण्या या सभेतून संबंधितांकडे जाव्यात अशी आमची अध्यक्षांना विनंती आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, छापखान्यात एक ओळ वाढवावी लागते.

अध्यक्ष महाराज घड्याळाकडे पाहत आहेत, तेव्हा आवरतो. निमंत्रणपत्रिकेत घरचा औषधाचा डबा बरोबर आणावा असे छापले होते, आणि पुढच्या तीन-चार रांगांत पिशव्या दिसत आहेत. व्यासपीठाच्या डाव्या हाताला टेबल मांडले आहे. आमच्याबरोबर दोन तरुण फार्मासिस्ट आहेत. ज्यांच्या घरी गेल्या महिन्यात कोणाची रुग्णालयातून सुटी झाली असेल त्यांनी आधी यावे, बाकीच्यांनी मागून. सुटीचा कागद सापडला नसेल तरी चालेल, पण डब्यातले काही लपवू नका.